राधिकेचें पुढें काय होणार ?

अमरावतीहून सकाळच्या गाडीनें बडनेऱ्यास यावें, तेथून अकोल्याकडे जावें आणि संध्याकाळीं त्याच वाटेनें परतावें, असा नित्यक्रम असलेल्या नोकरदारांचा एक मोठा वर्ग वऱ्हाडांत आहे. ‘अपडाऊन’ करणारी मंडळी असें त्यांस सर्वत्र म्हणतात. शाळेंतील शिक्षिका, बँकेंतील कारकून, जिल्हा परिषदेंतील कर्मचारी अशा स्त्रियांचे घोळके डब्यांत आपापल्या ठरलेल्या जागीं बसावयाचे. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या सासूचें दुखणें, भाजीचे भाव हे विषय मूर्तिजापूर येईतों संपावयाचे. आणि मूर्तिजापूर सुटलें कीं जो विषय निघावयाचा तो २०१६ सालापासून पुढें कित्येक वर्षें बहुधा एकच असावयाचा : राधिकेचें आतां पुढें काय होणार?

ज्या श्रोत्यांच्या घरचा दूरचित्रवाणी संच रात्रीं आठ वाजतां बंद असे, त्यांच्याकरितां थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१६ मध्यें सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्यें संपली. राधिका सुभेदार ही नागपूरकडची मुलगी, लग्न होऊन मुंबईस आलेली. नवरा गुरुनाथ मोठ्या पगाराचा. बायकोच्या गांवाकडच्या बोलण्याची त्यास लाज वाटते, आणि शनाया नांवाच्या तरुणीच्या तो नादीं लागतो. राधिकेस हें कळतें. येथवर नवीन असें कांहींच नाहीं. असल्या गोष्टी मराठी रंगभूमीनें पिढ्यान्‌पिढ्या दाखविल्या आहेत. नवीन आहे तें पुढचें. राधिका मसाल्यांचा धंदा काढते. तो वाढत वाढत तीनशें कोटींच्या कंपनीपर्यंत जातो. (हा आंकडा ऐकून अकोल्याच्या दालमिलवाल्यांनींही भुवया उंचावल्या असतील.) घटस्फोट होतो, आणि कालांतरानें सौमित्र नांवाच्या स्नेह्याशीं तिचें दुसरें लग्न होतें. राधिकेची भूमिका अनिता दाते-केळकर यांनीं केली आणि गुरुनाथाची अभिजित खांडकेकर यांनीं.

तर्क दोन प्रकारचे चालत. एक भवितव्याचा : ती नवऱ्यास परत घेईल कीं नाहीं, शनाया सुधारेल कीं बुडेल, लहानग्या अथर्वाचें काय होईल. दुसरा अर्थाचा. प्रत्यक्ष नांवाचाच कूटप्रश्न घ्या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हे शब्द कोणाच्या तोंडचे ? राधिका शनायेविषयीं बोलते आहे, कीं शनाया राधिकेविषयीं ? आज जी बाहेरची आहे ती उद्यां घरांतली झाली तर बोलणारी बदलली, शब्द मात्र तेच राहिले. मंगळसूत्राकडे तर बायकांचें लक्ष पोलिसाच्या नजरेनें असे. आणि मसाला ? जो जिन्नस स्वयंपाकघरांतल्या डब्याबाहेर कधीं गेला नाहीं, ज्याच्या कुटण्यानें घरांतली बाई शिंकत आणि डोळे पुसत राहिली, तोच जिन्नस पुडींत बसून बाजारांत गेला आणि त्या बाईस घराबाहेर घेऊन गेला. हा अर्थ लेखकाच्या मनांत होता किंवा नव्हता, तो प्रेक्षकांनीं काढला, आणि तो बसतो.

शिकलेले पुरुष या सर्व प्रकारास हसतात. रिकामपणाचा उद्योग, असा त्यांचा शेरा असतो. हें हसणें उतावीळपणाचें आहे. ‘काय होणार’ असें विचारणारा माणूस पुष्कळदां ‘काय व्हावें’ हें सांगत असतो, आणि जें स्वतःच्या घरांत उघड सांगतां येत नाहीं तें परक्या नांवाखालीं सांगत असतो.

अमरावतींतील राजापेठेसारख्या जुन्या वस्तींतलें एखादें सुशिक्षित कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. चाळीस वर्षें संसार केलेली सासू आहे. बाईनें नवऱ्याचें घर सोडावें असें वाक्य तिच्या तोंडून आयुष्यांत निघालें नाहीं. शेजारच्या मुलीवर प्रसंग आला तेव्हांही ‘सांभाळून घे’ एवढेंच ती म्हणाली. तीच बाई पडद्यावरच्या गुरुनाथाकडे बोट दाखवून म्हणते, “सोडून दे वो माय त्याले, काय कामाचा हाये तो ?” हें वाक्य पडद्यास उद्देशून असतें खरें, पण ऐकणारी सून शेजारीं बसलेली असते. तिनें तें ऐकलें आणि मनांत ठेवलें. सासूबाईंचें खरें मत काय, हें तिला त्या रात्रीं प्रथम कळलें. याच्या उलटही घडतें. अकोल्यांतील एखादे निवृत्त गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासानें भाकीत करतात कीं राधिका अखेर नवऱ्यास पदरांत घेईल, घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, पोटीं मूल आहे. आणि तीन महिने माहेरीं येऊन राहिलेली त्यांची मुलगी कांहीं न बोलतां उठून आंत जाते. ते गृहस्थ मालिकेविषयीं बोलत होते. मुलीनें तो आपल्यावरचा निकाल समजला, आणि तिचें चुकलें असें कोणास म्हणवेल ?

पात्राच्या आडून बोलण्याची ही रीत मराठी प्रेक्षकास कांहीं दूरचित्रवाणीनें शिकविली नाहीं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. कथा विराटपर्वांतली. कीचक मरणार, भीम त्यास मारणार, हें तिकीट काढण्यापूर्वींच सर्वांस ठाऊक होतें; भवितव्याविषयीं तर्क करण्यास जागाच नव्हती. म्हणून सगळा तर्क दुसऱ्या वाटेनें गेला : कीचक कोण, द्रौपदी कोण ? नाटकांत कर्झनसाहेबांचें नांव कोठेंही नाहीं. तरीपण उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष आणि संतापलेला भीम म्हणजे जहाल पक्ष, हा उलगडा पिटांतल्या प्रेक्षकापर्यंत सर्वांनीं केला. पुढें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानेंही तो छापला, व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या पुस्तकांत तो आला, आणि त्याच वर्षीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. गंमत अशी कीं बंदी घालण्याकरितां सरकारलाही प्रेक्षकाचाच अर्थ खरा मानावा लागला. कीचक म्हणजे आमचा व्हाइसरॉय, हें कबूल केल्याशिवाय त्या नाटकांत आक्षेपार्ह असें काय होतें ?

वऱ्हाडच्या माणसास या उलगड्यांत एक जास्तीचा कांटा होता. १९०२ सालीं याच कर्झननें निजामाशीं करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे घेतला, आणि दुसऱ्या वर्षीं तो मध्यप्रांतास जोडण्यांत आला. ज्यांच्या प्रांताची अशी देवघेव झाली त्यांस विचारण्याचें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. द्यूतांत पणाला लागलेल्या द्रौपदीची कथा अशा माणसास निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. पुढें अमरावतीचेच वीर वामनराव जोशी यांनीं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभि’ हीं नाटकें लिहिलीं. ‘रणदुंदुभि’ १९२७ मध्यें मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीनें केलें, आणि त्यांतील पारतंत्र्याविषयींचीं पदें प्रेक्षकांनीं कोणत्या राज्यास लावलीं तें सांगावयास नको. वामनरावांना स्वतः तुरुंगवास घडलेला होता. टाळी कोणत्या जागेवर कां पडते, तें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

राजकारणाची गोष्ट इतकी सरळ असते. घरांतली तशी नसते, कारण तेथें कीचकही आपला असतो आणि भीमही आपलाच. ‘एकच प्याला’ मधील सिंधूचें उदाहरण पाहावें. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत नागपूरजवळच्या सावनेर येथें वारले, आणि नाटक रंगभूमीवर आलें तें त्यानंतर, त्याच वर्षीं. म्हणजे सिंधूविषयीं जे प्रश्न उठले त्यांचें उत्तर देण्यास कर्ता हयात नव्हता. सुधाकर दारूच्या पायीं घरदार घालवितो, लेंकराचा जीव घेतो, बायकोवर काठी उगारतो. ती मरतांनाही त्याचें नांव घेत नाहीं. थिएटरांत हुंदके फुटत. घरीं परततांना मात्र, त्या काळींही, एखादी धीट मुलगी विचारी कीं तिनें भावाकडे निघून कां जाऊं नये ? तिला गप्प बसविण्यांत येई. पण तिचा प्रश्न केवळ सिंधूच्या स्वभावाचा नव्हता, तो कायद्याचाही होता. १९१९ मध्यें सिंधूसारख्या पांढरपेशा हिंदु स्त्रीस घर सोडतां आलें असतें, विवाह सोडतां आला नसता. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती त्यांची गोष्ट वेगळी. मुंबई इलाख्यांत घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्यें झाला, पण वऱ्हाड त्या इलाख्यांत नव्हता; इकडच्या स्त्रीस १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यापर्यंत थांबावें लागलें. पात्रासमोर किती वाटा आहेत तें लेखकाच्या प्रतिभेइतकेंच त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतें. राधिकेविषयीं आगगाडींत वाद होऊं शकला, कारण राधिकेस दार होतें. सिंधूस भिंत होती.

दार असलें तरी तें उघडूं न देणारे प्रेक्षकही असतात. हेन्रिक इब्सेनच्या १८७९ मधील ‘डॉल्स हाऊस’ची नायिका नोरा शेवटीं नवरा आणि मुलें सोडून घराबाहेर पडते. जर्मनींत हें नाटक व्हावयाचें तेव्हां नोरेचें काम करणाऱ्या नटीनेंच नकार दिला. आपण मुलांना टाकून कधींच गेलों नसतों, असें तिचें म्हणणें. दुसऱ्या कोणीं आपल्या नाटकाची मोडतोड करण्यापेक्षां ती स्वतःच केलेली बरी, म्हणून इब्सेननें निराळा शेवट लिहून दिला. त्यांत नवरा नोरेस निजलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशीं नेतो आणि ती तेथेंच खचते. हा शेवट म्हणजे नाटकावर केलेला रानटी अत्याचार होय, असें इब्सेनच म्हणत असे. नोरा अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’ नाटकाच्या रूपानें मराठींतही येऊन गेली आहे. अकोल्याचे ते निवृत्त गृहस्थ आणि ती जर्मन नटी यांचें भाकीत एकच आहे. त्यास भाकीत म्हणण्यापेक्षां अट म्हणावें.

आतां नाटक आणि मालिका यांतला एक भेद सांगितलाच पाहिजे. सिंधूच्या प्रेक्षकानें कितीही अश्रू ढाळले तरी उद्यांच्या प्रयोगांत ती मरावयाचीच; कागदावर शाई वाळलेली असे. मालिकेची शाई वाळत नाहीं. भाग दाखविला जाण्याच्या थोडेच दिवस आधीं त्याचें चित्रण होतें, आणि किती घरांनीं तो पाहिला याचे आंकडे आठवड्याच्या आठवड्यास हातीं येतात. आंकडा चढला तर प्रसंग लांबतो, उतरला तर नवें पात्र दारांत उभें राहतें. प्रेक्षकाचा तर्क येथें नुसता तर्क राहत नाहीं, ती एक प्रकारची मागणी होऊन बसते. हप्त्याहप्त्यानें कथा सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत अशीच प्रसिद्ध होत गेली. परंतु यमूचें दुर्दैव हरिभाऊंनीं वर्गणीदारांच्या संख्येकडे पाहून टाळलें नाहीं.

मागणीपुढें मालिका वांकते याचें याहून मोठें उदाहरण रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचें. १९८८ च्या जुलैंत ती राज्याभिषेकाशीं संपली. उत्तरेकडील कित्येक शहरांतील सफाई कामगारांनीं तेव्हां संप पुकारला. लवकुशांची कथा दाखवा, अशी त्यांची मागणी होती. त्या कामगारांत वाल्मीकि ऋषींस आपला आद्य गुरु मानणारा समाज मोठा आहे, आणि वाल्मीकीचा आश्रम, सीतेचें तेथलें राहणें, हीं सर्व उत्तरकांडांतलीं. तें कांड वगळलें कीं त्यांचे गुरु कथेबाहेर राहत होते. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग सांचले, आणि सरकारला पुढील भाग काढावयास परवानगी द्यावी लागली. या लोकांस कथेचा शेवट ठाऊक नव्हता असें कोण म्हणेल ? ती कथा पडद्यावर आपल्या घरापर्यंत यावी, एवढेंच त्यांस हवें होतें.

राधिकेच्या मालिकेस असा मोठा प्रसंग आला नाहीं. तिचें दुखणें ताणण्याचें. शनायेचें काम करणाऱ्या रसिका सुनील मध्यंतरीं परदेशीं शिकावयास गेल्या, त्यांच्या जागीं ईशा केसकर आल्या, पुढें पहिल्या शनाया परत आल्या. प्रेक्षकांनीं तेंही पचविलें. चेहरा बदलला तरी स्वभाव तोच, असें मनाशीं धरून त्यांनीं तर्क पुढें चालू ठेवले. परंतु कंपनीचे आंकडे कोटींत गेल्यावर तर्काची धार बोथट झाली हें खरें. जेथें कांहींही घडूं शकतें तेथें काय घडेल हें ओळखण्यांत स्वारस्य राहत नाहीं. पहिल्या वर्षींची राधिका, जिच्याजवळ पाटा-वरवंटा आणि उधार आणलेल्या मिरच्या एवढेंच भांडवल असावें असें वाटे, तिच्याविषयीं लोक खरोखर चिंतेनें बोलत. खुर्चीवर बसलेल्या मालकिणीविषयीं गंमत म्हणून बोलूं लागले.

एक खूण मात्र अखेरपर्यंत टिकली, आणि वऱ्हाडांत तिच्याइतका कीस दुसऱ्या कशाचाच पडला नसेल. ती म्हणजे राधिकेची बोली. मराठी रंगभूमीवर ‘मले-तुले’ बोलणारें पात्र आलें कीं तें गडी, मोलकरीण किंवा हंशा पिकविणारा पाहुणा, हें जणूं ठरलेलेंच. नायिकेनें पुण्याच्या पेठेंतलें बोलावें. येथें नायिकाच इकडची बोलते, आणि तिला हसणारा नवरा खलपुरुष ठरतो, हा उलटा न्याय पाहून कित्येक घरांत समाधान झालें. मुंबई-पुण्यास नोकरीस गेलेल्या आणि पहिल्याच दिवशीं ‘काहून’ शब्दावर हंशा झेललेल्या मुलामुलींच्या आईबापांनीं गुरुनाथास ओळखलें. राधिका मोठी झाल्यावर बोली टाकील काय, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नव्हता. तिनें टाकली नाहीं.

अर्थात्‌ वऱ्हाडी माणूस कौतुक करतांनाही खोड काढल्यावांचून राहत नाहीं. ही बोली नागपूरची, आमची नव्हे, असें अमरावतीकर म्हणत. आणि अमरावतीची तरी कोठें शुद्ध आहे, असें अकोलेकर म्हणत. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, हें कळल्यावर दोघांचाही वाद थोडा मिटला. या बोलींत स्त्रीचें दुःख याहून फार खोल उतरलेलें मराठी वाचकानें पाहिलेलें आहे. उद्धव शेळके यांच्या १९६० मधील ‘धग’ कादंबरींतील कौतिक ही याच मातींतली. तिचा शेवट ज्यानें वाचला त्यास राधिकेचें यश थोडें स्वस्तांत मिळाल्यासारखें वाटेल. पण कौतिक पुस्तकांत आहे, आणि पुस्तक एकट्यानें वाचावयाचें असतें. राधिका चार माणसांत बसून पाहिली जात होती, आणि तेथेंच तर सारें बोलणें होई.

२०२० च्या मार्चमध्यें साथीच्या रोगामुळें चित्रण थांबलें. त्याच महिन्याच्या अखेरीस दूरदर्शननें जुनें ‘रामायण’ पुन्हां दाखवावयास घेतलें. एकाच घरांत सकाळीं जिचा शेवट बाळपणापासून पाठ आहे ती कथा, आणि संध्याकाळीं जिचा पुढचा भागच तयार नाहीं ती, अशी विचित्र स्थिति कांहीं आठवडे होती. नवे भाग नसतांनाही राधिकेविषयींचें बोलणें अगदींच थांबलें नव्हतें. घरांत कोंडलेल्या माणसांस एकमेकांशीं थेट बोलण्यापेक्षां तिच्याविषयीं बोलणें सोपें जात असावें.

शेवटचा भाग मार्च २०२१ मध्यें झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस अमरावतींत आणि अकोल्यांत पुन्हां टाळेबंदी आलेली होती. बाजार बंद, शाळा बंद. साडेचार वर्षांच्या तर्कांचा निकाल लागला तेव्हां मूर्तिजापूरच्या पुढें तो तावून सुलाखून घेण्यास डब्यांतलें मंडळ जमूं शकलें नाहीं. जें बोलणें झालें तें दूरध्वनीवरून. त्यांतही निकालापेक्षां नवीन प्रश्नच जास्त होते. राधिका सुखी झाली, हें सर्वांस मान्य होतें. पण सौमित्र पुढें तसाच राहील कशावरून, असें एकीनें विचारलें, आणि दुसऱ्या टोकाला थोडा वेळ कोणीं कांहीं बोललें नाहीं.